बॅकरोचं मत

माझ्या मुलाला गाता येतं की नाही, या प्रश्नावरून दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात या देशातली शे-दोनशे माणसं इंटरनेटवर हमरीतुमरीवर आली होती. त्याच्या आईला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की गाता येतं, पण तो जेवणाच्या वेळा पाळत नाही.

अंशुमन 'ब्रास केनेल्स' नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. केनेल म्हणजे कुत्र्याचं घर. मुलाला कार्डिफला मेडिकलला पाठवलं आणि तो तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून कुत्र्याच्या घरात राहायला गेला, असं मी मैत्रिणींना हसून सांगायचे. रडून सांगितलं असतं तर त्यांना महिनाभर पुरलं असतं. बँड बरा चालला. दोन-तीन गाणी रेडिओवर वाजायची, फेस्टिव्हल्सची बोलावणी यायची. मग त्या मुलांचं आपसांत बिनसलं आणि बँड फुटला. त्यानंतर अंशुमनने कार्डिफमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून एकट्याने स्वतःचा पहिला अल्बम केला. ड्रम नाहीत, बाकी कुणी नाही, साधी गिटार आणि त्याचा आवाज. बँडमध्ये गायचा दुसराच मुलगा, त्यामुळे अंशुमनचा आवाज लोकांनी कधी ऐकलेलाच नव्हता. अल्बमचं नाव 'बॉक्स रूम'. आमच्या स्टॅनमोरच्या घरात पुढच्या दाराच्या वर एक पलंग जेमतेम मावेल एवढी खोली आहे, तीच ही. तो तिच्यात वाढला. आता तिथे कॉम्प्युटर ठेवलाय.

त्याचं आणि डॉक्टरांचं बोलणं त्याने मेडिकल सोडलं त्या दिवशी बंद झालं. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, पुरुषोत्तम. आमचा सगळा हॅरो भाग त्यांना डॉक्टर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्या दिवशी ते अंशुमनला एवढंच म्हणाले, "तुझा हा गोंगाट माझ्या घरात वाजणार नाही." अंशुमनने ते शब्दशः घेतलं आणि गोंगाट घेऊन निघून गेला. त्यानंतर तो मला रविवारी सकाळी फोन करायचा, डॉक्टर फिरायला गेलेले असताना. घरी यायचा तोही ते नसताना. बाप-लेक एकाच वळणाचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभच दोन होते.

मला एकच हवं होतं. या दोघांनी एकदा समोरासमोर बसून चहा घ्यावा. बोलले नाहीत तरी चालेल, पण एका टेबलावर चहा घ्यावा.

फोरमचं मला देवयानीने सांगितलं. देवयानी आमची थोरली, हॅरोला फार्मसिस्ट आहे. तिचं मराठी ऐकून पाहुणे गालातल्या गालात हसतात, पण ती बोलायचं सोडत नाही. "आई, अंशूच्या फॅन्सचा वेबसाइट आहे," ती म्हणाली. "नवीन अल्बमवर सगळे फाइट करतात. इट्स ब्रूटल. तू नको वाचू." नको म्हटल्यावर मी अर्थातच वाचलं. तेव्हा मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत सँडविच एका हातात आणि माउस दुसऱ्या हातात.

भांडणाचे दोन पक्ष होते. एका बाजूला ग्लासगोचा कॉलिन. त्याचं म्हणणं, गिटारवाल्याने गिटार वाजवावी. केनेल्सच्या गाण्यांवर आम्ही उड्या मारत मोठे झालो, आणि आता हा माणूस आम्हाला खुर्चीत बसून त्याचं पुटपुटणं ऐकायला सांगतो. याला सोलो अल्बम म्हणत नाहीत, याला सर्दी म्हणतात. दुसऱ्या बाजूला कार्डिफची मेग, ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि फोरमही तीच सांभाळायची. ती लिहायची, की शिफ्ट संपवून मी बसमध्ये हा अल्बम ऐकते, आणि गेल्या कित्येक वर्षांत माझ्याशी दुसरं कुणी इतक्या हळू आवाजात बोललेलं नाही. त्यावर कॉलिन म्हणाला, हळू आवाजात बोलणारा माणूस हवा असेल तर डेंटिस्टकडे जा. मग मेगच्या बाजूचे दहा जण कॉलिनवर तुटून पडले आणि कॉलिनच्या बाजूचे वीस जण त्या दहांवर. ड्रम असते तर पाचवं गाणं कसं झालं असतं, शेवटच्या गाण्यात मागे पावसाचा आवाज आहे तो मुद्दाम ठेवलाय की खिडकी बंद करायची राहिली, यावर पानंच्या पानं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला मेगला जेवायला बोलवावंसं वाटायचं आणि कॉलिनचा कान पिळावासा वाटायचा.

मग तिथे 'बॅकरो' नावाचा एक माणूस आला.

त्याचं इंग्रजी सरकारी पत्रासारखं होतं. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम, हसऱ्या चेहऱ्याची चित्रं नाहीत, शिवी नाही. त्याने लिहिलं, "तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर गायक श्वास चोरतो, त्यामुळे शब्द संपण्याआधी आवाज संपतो. हा दोष दमाचा नाही, घाईचा आहे." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "पाचव्या गाण्यात वरचा स्वर लागतो, पण लागल्याचा आनंद गायकाला इतका होतो की स्वर तिथेच हलतो." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "शेवटचं गाणं इथे अनेकांना सर्वात चांगलं वाटतं. ते सर्वात आळशी आहे."

कॉलिनच्या लोकांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी बॅकरोची वाक्यं उचलून जिथे तिथे चिकटवायला सुरुवात केली. बघा, जाणकार माणूससुद्धा म्हणतो याला गाता येत नाही. मेग बिचारी चवताळली. तू माणूस आहेस की यंत्र, असं तिने विचारलं. त्यावर बॅकरोचं उत्तर आलं, "प्रिय मेग, तुमच्या विनंतीवरून मी तिसरं गाणं पुन्हा ऐकलं. श्वास अजून चोरलेलाच आहे."

हे उत्तर देवयानीने मला फोनवर वाचून दाखवलं. "आई, हा बॅकरो इतका हॉरिबल माणूस आहे ना! अंशूला किती वाईट वाटत असेल." मी मानेत फोन धरून पोळ्या लाटत होते. श्वास चोरणं. हे शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येक गाण्याच्या कार्यक्रमानंतर, गाडीत बसल्या बसल्या, सीटबेल्ट लावायच्याही आधी. 'बाई श्वास चोरते गं.' मी पोळी तव्यावर तशीच टाकून वर गेले.

बॉक्स रूममध्ये डॉक्टर डोक्यावर भलेमोठे हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. समोर फोरम उघडा. मी त्यांच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि विचारलं, "बॅकरो कोण?"

ते दचकले नाहीत. "मैफलीत मी कुठे बसतो?"

"शेवटच्या रांगेत."

"मग?"

माझा तोल गेला. "अहो, पोटच्या पोराशी इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत, आणि आता तोंड उघडलंत ते हे बोलायला? लोक तुमचीच वाक्यं घेऊन त्याला झोडपतायत, दिसत नाही तुम्हाला?"

"लोक गाढव आहेत. मी लोकांना सांगत नाहीये. मी त्याला सांगतोय. तो हे वाचतो, देवयानीने सांगितलंय."

"मग एखादा चांगला शब्द लिहा की!"

मी त्यांना बनियनवर रस्त्यात जायला सांगितलं असावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले. "आपल्या मुलाचं कौतुक आपणच करायचं? तेही चारचौघांत?"

आता यात डॉक्टर काही जगावेगळं बोलले नव्हते. आमच्या दोघांच्याही घरी आपल्या मुलाला कुणी छान म्हटलं, की आई-वडील लगेच म्हणायचे, कसलं छान, नुसता धांगडधिंगा. दृष्ट लागते हे एक, आणि पोरगं शेफारतं हे दुसरं. डॉक्टर तर पुण्याला मेडिकल शिकताना कमलाकरबुवांकडे गाणं शिकलेले. बुवांनी कुणाला कधी वा म्हटलं नाही. ज्याच्यात काही आहे असं त्यांना वाटायचं, त्याला ते सकाळपासून दुपारपर्यंत एकाच चुकीवर धरून बसायचे. बाकीच्यांकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. बुवांनी पहिली चूक काढली त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या होस्टेलला पेढे वाटले होते. देवयानीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा यांनी विचारलं होतं, दुसऱ्या नंबरावर जाता जाता किती मार्कांनी वाचलीस? आणि त्या पोरीला ते कौतुक आहे हे समजायला तिशी गाठावी लागली.

"किती वेळा ऐकलंत?" मी विचारलं.

"मोजलं नाही."

"आवडलं?"

त्यांनी हेडफोन पुन्हा कानावर घेतला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाले, "वाईट असतं तर एकदाच ऐकलं असतं."

मी जिन्यावर बसून रडले. खाली पोळी जळत होती तरी उठले नाही. इतक्या वर्षांत या माणसाने मुलाबद्दल काढलेला हा पहिला चांगला उद्गार होता आणि तो मला मिळाला होता, मुलाला नाही. मला तो पळत जाऊन कार्डिफला पोचवायचा होता. पण जेवताना डॉक्टरांनी बजावलं, "त्याला कळता कामा नये. माझं मत आहे म्हटल्यावर तो ऐकायचं बंद करील." हे खरं होतं, म्हणून मी मूग गिळून बसले.

अंशुमनला ओळखू कसं आलं नाही, असं देवयानीने मला नंतर विचारलं. कसं येणार? आमच्या घरात रागावणं मराठीत, आजारपण मराठीत, देवाचं मराठीत. डॉक्टरांचं इंग्रजी पेशंटसाठी आणि पोस्टमनसाठी. ते इंग्रजीत कसं वाद घालतात, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. आणि आपला बाप कानात हेडफोन घालून आपला अल्बम ऐकतोय, हे तर त्याला स्वप्नातही दिसलं नसतं.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आई, फोरमवर एक माणूस आहे. बॅकरो नावाचा."

"वाईट लिहितो ना रे?" मी भीत भीत म्हटलं.

"नाही गं. म्हणजे, हो, एकपण चांगला शब्द नाही लिहिला त्याने. पण आई, ही वॉज लिसनिंग. मेग आणि ते लोक मला लाइक करतात, म्हणून अल्बम लाइक करतात. कॉलिनला केनेल्स पाहिजे, म्हणून अल्बम नको. हा एकच माणूस आहे ज्याने फक्त गाणं ऐकला. त्याला माझ्याशी काय घेणंदेणं नाही. तरी त्याला माझा श्वास ऐकू आला! तुला माहितीय, तिसरा गाणं मी आता बदलतोय, लाइव्हसाठी. ही इज राइट. रोज सकाळी प्रॅक्टिस करतो." त्याचा आवाज मी इतका मोकळा ऐकला नव्हता. तो म्हणाला, "असा एक जरी माणूस असेल ना, तर मी ही गाणी गात राहणार. दुसऱ्या कोणाला नाही आवडली तरी."

मी ओठ घट्ट मिटून फोन धरला होता. सांगू का, सांगू का, असं होत होतं. मला वाटत होतं, याला कळलं की तो माणूस कोण आहे, तर हा आनंदाने वेडा होईल. डॉक्टर फिरून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते बूट काढत होते. एक बूट हातात तसाच धरून ते पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "रोज करतो? सकाळी?"

सप्टेंबरमध्ये अंशुमनचा कार्डिफला कार्यक्रम ठरला. नव्या अल्बमचा पहिलाच. मेगने फोरमवर जाहीर केलं, की कार्यक्रमाआधी सगळ्यांनी जवळच्या पबमध्ये वरच्या मजल्यावर जमायचं आणि काय ते भांडण समोरासमोर मिटवून टाकायचं. त्याखाली स्वतः अंशुमनने लिहिलं, "बॅकरो, तू जरूर ये. पहिलं ड्रिंक माझ्याकडून. मला तुझ्याशी हात मिळवायचाय."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी कपाटातून राखाडी सूट काढून बाहेर लटकवला.

"अहो, त्याने तुम्हाला नाही बोलावलं," मी म्हटलं. "त्याने बॅकरोला बोलावलंय."

"मग बॅकरो दुसरा कोण आहे?"

ते लहान मुलासारखे खुलले होते. ट्रेनमध्ये त्यांनी दोनदा टाय सोडून पुन्हा बांधला. तिसऱ्या गाण्याबद्दल काय बोलायचं, पाचव्याबद्दल काय, हे ते मला सांगत होते, आणि मी हो हो म्हणत होते. मनात म्हणत होते, चहा नाही तर बिअर. टेबल एक असलं म्हणजे झालं.

पबच्या वरच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती. बऱ्याच जणांच्या टी-शर्टवर केनेल्सचं कुत्रं. कॉलिन म्हणजे कुणी दांडगट असेल अशी माझी समजूत होती, तर निघाला एक किडकिडीत, टक्कल पडत चाललेला, सौम्य माणूस. मला बघून त्याने आपली खुर्ची दिली. आता याचा कान कसा पिळणार? मेग ठेंगणी, गोलमटोल, हसरी. "तुम्ही बॅकरो?" तिने डॉक्टरांकडे बघून विचारलं, आणि डॉक्टरांनी मान हलवल्यावर सगळी खोली हसली आणि टाळ्या वाजल्या. जो माणूस त्यांना उन्हाळाभर छळत होता, तो मफलर गुंडाळलेला एक म्हातारा निघाला होता. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. हॅरोमध्ये डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारायची कुणाची हिंमत नाही. इथे ते लाजून हसले.

वाद लगेच सुरू झाला. मेग म्हणाली, अल्बममध्ये एक माणूस एकटा आहे आणि तो ते लपवत नाही, यापेक्षा जास्त काय हवं? कॉलिन म्हणाला, "एकटेपणा मला घरी फुकट मिळतो. मी पैसे देतो ते चार माणसांनी मिळून केलेल्या आवाजाचे." त्यावर लोक हसले, आणि मलाही ते खोटं वाटलं नाही. मग कॉलिन डॉक्टरांकडे वळला. "आणि गाण्याचं म्हणाल तर बॅकरोने सिद्धच केलंय, की या माणसाला गाता येत नाही."

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. "मी असं कुठे लिहिलं?"

"सगळीकडे!"

"मी लिहिलं, की पाचव्या गाण्यात त्याचा स्वर हलतो. ज्याला स्वर लागलाच नाही त्याचा तो हलेल कसा? टाकाऊ गाण्यात दोष शोधत कोण बसतं? तुमच्या त्या बँडच्या गाण्यात मी एक तरी दोष काढला का? नाही. कारण तिथे ऐकण्यासारखं काही नाही. आणि हा मुलगा..." डॉक्टर थांबले. त्यांचा आवाज चढला होता. "हा मुलगा एकट्याने, कुणी शिकवलेलं नसताना, अशा जागी जाऊन पोचलाय की तिथून पडायलासुद्धा लायकी लागते. मी इतकी वर्षं गाणं ऐकतोय. मला हे जमलं नसतं."

मी डॉक्टरांचा चेहरा बघत होते. जे मराठीत घरात बोलता आलं नाही, ते हे परक्या भाषेत परक्या माणसांना सांगत होते. मला अभिमान वाटला आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

मग मी मान वळवली, तर दारात अंशुमन उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक, पण त्याने ऐकलं होतं. चेहरा हसरा होता, डोळे चमकत होते, आणि बोलणारा माणूस दिसावा म्हणून तो लोकांच्या डोक्यांवरून टाचा उंच करून बघत होता. डॉक्टर त्याच वेळी दाराकडे वळले.

मी ते हसू विझताना पाहिलं.

"बाबा?" तो जवळ आला. लोकांनी त्याला वाट करून दिली. त्याच्या पुढचं सगळं मराठीत झालं, त्यामुळे आजूबाजूचे लोक न कळता कौतुकाने हसत राहिले. "तुम्ही बॅकरो आहे? सगळे पोस्ट तुम्ही लिहिले?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "बस ना. तिसऱ्या गाण्यात तू आता..."

"तिसरा गाणं मी बदलला. श्वास आधी घेतो आता."

"बदललंस?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांना अजून काहीच समजलं नव्हतं. "मग बघू, आज बघू कसं होतं ते."

"बाबा, तुम्हाला समजत नाही." अंशुमन अगदी हळू बोलत होता. "मला वाटला, बाहेरचा कोणी आहे. ज्याला मी कोण आहे माहीत नाही, तरी इतका ऐकतो. त्याच्यासाठी मी सगळा बदलला. रोज सकाळी उठून, तो सांगतो तसा. आणि ते तुम्ही होता. म्हणजे मी परत तुमच्या समोर उभा राहून एक्झाम देत होतो. मला कळला पण नाही."

"मला कुणी ऐकायला लावलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "मी आपण होऊन ऐकलं. रोज ऐकलं."

"तुम्ही बाबा आहे. यू डोन्ट काउंट." हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला. "म्हणजे बाहेरचा कोणीच नव्हता."

"अंशू," मी त्याचा हात धरला, "अरे, आत्ता काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?"

"ऐकला, आई." त्याने माझा हात हलकेच सोडवला आणि तो बारकडे गेला. मला वाटलं, गेला. पण तो संत्र्याच्या रसाचा ग्लास घेऊन परत आला आणि डॉक्टरांसमोर ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाला, "दिल्या शब्दाप्रमाणे पहिलं ड्रिंक. ऐकल्याबद्दल आभारी आहे, सर." आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला. टाळ्या वाजल्या. मेगने फोटो काढला. माझा नवरा आणि माझा मोठा झालेला मुलगा एकत्र असलेला तेवढा एकच फोटो आहे, आणि तो मेगकडे आहे.

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या. आम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. स्टेजवर एक स्टूल आणि साधी गिटार मांडून ठेवलेली होती. अंशुमन आला आणि त्याने स्टूल पायाने बाजूला सरकवलं. केनेल्सच्या वेळची इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली आणि जी सुरुवात केली, ती माझ्या छातीत धडधडायला लागली. गर्दीने आरोळी ठोकली. एकामागून एक सगळी केनेल्सची गाणी. मेग पुढे उभी राहून मधूनमधून 'बॉक्स रूम'मधल्या गाण्यांची नावं ओरडत होती. काही वेळाने तिने ओरडायचं सोडलं. कॉलिन एवढ्या उड्या मारत होता की त्याचा चष्मा पडला. तो रडत होता, आनंदाने. त्याचं उन्हाळाभराचं भांडण तो जिंकला होता, आणि कसं जिंकला ते त्याला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर मान खाली घालून उभे होते, बुवांसमोर उभे राहत असतील तसे. प्रत्येक गाणं संपलं की ते मान वर करायचे, पुढचं ते असेल या आशेने. ते आलं नाही. 'बॉक्स रूम'मधलं एकही आलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर कुठे गायल्याचंही मी ऐकलं नाही.

बाहेर फुटपाथवर लोक घोळक्याने उभे होते. कॉलिन घामाने निथळत, घसा बसलेला, आमच्याकडे धावत आला. मागून मेग आली, तिचे डोळे लाल होते. अजून चार-सहा जण जमले. "चला, बॅकरो!" कॉलिन म्हणाला. "सांगा आता. फाडा त्याला. काय काय चुकलं?"

सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायला लागले. दुसऱ्याच गाण्यात गिटारची एक तार उतरली होती, ते मलासुद्धा कळलं होतं. एका गाण्याचं कडवं त्याने दोनदा म्हटलं होतं. आयुष्यभर ज्या सवयीला मी बोल लावला, तिचीच मी त्या क्षणी मनात भीक मागत होते. देवा, यांना एक तरी दोष काढू दे. श्वास चोरला म्हणू दे. काहीही म्हणू दे.

डॉक्टरांनी मफलर नीट केला. "एक्सलंट," ते हसून म्हणाले. "व्हेरी टॅलेंटेड यंग मॅन. हिज पेरेंट्स मस्ट बी सो प्राउड."

मंडळाच्या कार्यक्रमात ते लोकांच्या मुलांना असंच म्हणतात.